कुरणातील रानफुलांची ओळख

भाद्रपदाच्या सुमारास गावाबाहेरील राखीव कुरण गुडघ्याच्या वर वाढलेले असते. गावाच्या दृष्टीने तो पुढील आठ महिन्यांचा चारा होय, आणि ती दृष्टी योग्यच आहे. परंतु बांधावर क्षणभर थांबून पाहिले तर त्या हिरव्या गवतात पिवळे, निळे, पांढरे व गुलाबी असे अनेक ठिपके दिसू लागतात. ही रानफुले कोणी लावलेली नसतात व त्यांस कोणी पाणी घालीत नाही. तरीही दरवर्षी ठरलेल्या काळी ती उमलतात. ती ओळखावी कशी आणि शाळेतील मुलांस ती ओळखण्यास शिकवावे कसे, याचे विवेचन या पाठात केले आहे.

पाठाचा हेतू

प्राथमिक शाळेत फुलाचे भाग शिकविताना बहुधा जास्वंद किंवा धोतऱ्याचे चित्र फळ्यावर काढले जाते. निदल, पाकळ्या, पुंकेसर व स्त्रीकेसर ही नावे मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि काही दिवसांनी विसरतात. त्याच मुलांस कोणते रोप जनावर खात नाही, कशाची भाजी होते, कोणत्या गवताचे कुसळ कपड्यांत शिरते, हे गुरांमागे हिंडून चांगले ठाऊक झालेले असते. पुस्तकातील ज्ञान व रानातील ज्ञान यांची गाठ पडत नाही, हा निसर्गशिक्षणातील मोठा उणेपणा होय. कुरणातील एक तासाचा पाठ ही गाठ घालून देऊ शकतो.

दुसरी अडचण शिक्षकांची आहे. फुलांची नावे ठाऊक नाहीत म्हणून अनेक शिक्षक मुलांस रानात नेण्याचे टाळतात. वास्तविक नाव ही ओळखीची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. ज्याने फूल नीट पाहिले आहे त्याला नाव आज ना उद्या सापडते. ज्याने नुसते नाव ऐकले आहे त्याला फूल सापडेलच असे नाही.

कुरण म्हणजे कोणती जमीन?

गावात गवताची जमीन तीन प्रकारची आढळते. जेथे गुरे बारा महिने चरतात ते गायरान. जेथे पाऊस व माती कमी म्हणून गवत आखूड राहते तो माळ. पावसाळ्याच्या आरंभी जी चराईस बंद करतात आणि गवत पक्व झाल्यावर आश्विन-कार्तिकात विळ्याने कापतात ते कुरण. कापलेले गवत तेथेच वाळवून त्याच्या पेंढ्या बांधतात व गंजी रचतात.

कुरणात रानफुले टिकून राहण्याची कारणे या वहिवाटीतच आहेत. पावसाळ्यात गुरे आत येत नसल्यामुळे रोपांस वाढून फुलण्यास अवधी मिळतो. वर्षातून एकदा सर्वत्र विळा फिरत असल्यामुळे झुडपे माजत नाहीत व लहान रोपांवर त्यांची सावली पडत नाही. जमीन नांगरली जात नसल्यामुळे मातीतील कंद व मुळे वर्षानुवर्षे सुरक्षित राहतात. यांपैकी एखादी गोष्ट बदलली की फुलांची यादीही बदलते. म्हणून कुरणातील फुले ही निसर्गाची देणगी असली, तरी गावाने पाळलेल्या शिस्तीचेही ते फळ आहे, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी.

रंगावरून ओळख का पटत नाही?

मुलांस फुलाचे वर्णन करावयास सांगितले असता ती प्रथम रंग सांगतात. रंग ही फसवी खूण आहे. सोनकी, कवळा व टाकळा ही तिन्ही पिवळी फुले एकाच शिवारात मिळू शकतात. पण त्यांची रचना तीन निरनिराळ्या तऱ्हांची आहे. सोनकीचे एक फूल म्हणजे अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. कवळ्याचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे असते. टाकळ्याच्या फुलास पाच सुट्या, पसरलेल्या पाकळ्या असतात. उलटपक्षी, कुर्डूचा तुरा कोठे गुलाबी तर कोठे पांढरट दिसतो, तरी झाड एकच असते. यास्तव रंग शेवटी विचारावा आणि पुढील चार प्रश्न आधी विचारावेत.

पहिला प्रश्न पानाच्या शिरांचा. पान उन्हासमोर धरून पाहावे. शिरा देठापासून टोकापर्यंत एकमेकींना समांतर गेल्या असतील, तर ते रोप बहुधा गवत, कांदा व हळद यांच्या वर्गातील, म्हणजे एकदल असते. शिरांचे जाळे दिसल्यास ते द्विदल समजावे.

दुसरा प्रश्न संख्येचा. पाकळ्या मोजाव्यात. एकदल वनस्पतींत फुलाचे भाग बहुधा तीन किंवा सहा असतात; द्विदलांत बहुधा चार किंवा पाच. पानांच्या शिरा व पाकळ्यांची संख्या ही दोन उत्तरे एकमेकांशी जुळली म्हणजे मुलांस विलक्षण आनंद होतो. तो त्यांस घेऊ द्यावा.

तिसरा प्रश्न आकाराचा. फुलाचे कसेही दोन भाग केले तरी ते सारखे पडतात काय, की केवळ उभ्या रेषेनेच सारखे पडतात? विष्णुक्रांतेचे फूल बशीसारखे सर्व बाजूंनी सारखे असते. तुंबा, तेरडा व कवळा यांच्या फुलांस मात्र चेहऱ्याप्रमाणे डावे व उजवे असते, आणि वरची बाजू खालच्या बाजूहून निराळी असते.

चौथा प्रश्न खोडाचा व पानांच्या मांडणीचा. खोड बोटांत धरून फिरवावे. ते चौकोनी लागते की गोल? पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? तुंब्याचे चौकोनी खोड डोळे मिटूनही ओळखता येते.

तेरा वनस्पतींची ओळखकुंजी

खाली दिलेली कुंजी कुरणात व त्याच्या आसपास आढळणाऱ्या तेरा वनस्पतींसाठी आहे. प्रत्येक क्रमांकाखाली दोन पर्याय आहेत. रोपास जो पर्याय लागू पडेल तो घ्यावा व त्यापुढे सांगितलेल्या क्रमांकावर जावे. कोणताच पर्याय जुळला नाही, तर ती चौदावी वनस्पती समजून तिचे चित्र वहीत काढावे. ओढूनताणून नाव देऊ नये.

१. (अ) पानांच्या शिरा समांतर : २ पाहा. (आ) शिरांचे जाळे : ४ पाहा.

२. (अ) फूल पांढरे, सहा सारख्या पाकळ्यांचे, गवतासारख्या पानांतून वर आलेल्या दांड्यावर : मुसळी. (आ) फूल निळे किंवा जांभळे : ३ पाहा.

३. (अ) दोन पाकळ्या मोठ्या, एक लहान. फूल दुमडलेल्या हिरव्या पानाच्या खोळीतून बाहेर येते : केना. (आ) तिन्ही पाकळ्या सारख्या. पुंकेसरांवर दाट निळसर लव : आभाळी.

४. (अ) जे एक फूल वाटते ते अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असून त्याखाली हिरव्या छदांची, म्हणजे फुलाखालील लहान पानांची, वाटी आहे : ५ पाहा. (आ) तसे नाही : ७ पाहा.

५. (अ) पाने गाजराच्या पानाप्रमाणे खोल चिरलेली. गुच्छ पांढरे, लहान व पुष्कळ : गाजर गवत. (आ) पाने दातेरी, पण तशी चिरलेली नाहीत : ६ पाहा.

६. (अ) लांब, उघड्या दांड्यावर एकच गुच्छ; कडेची फुले फिकट, प्रत्येकीच्या टोकाशी तीन दाते : एकदांडी. (आ) एका रोपावर अनेक गुच्छ, सर्व गडद पिवळे : सोनकी.

७. (अ) फूल वाटाण्याच्या फुलासारखे. मागे ध्वजाप्रमाणे उभी पाकळी, बाजूंस दोन पंख, खाली नावेसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या : ८ पाहा. (आ) तसे नाही : ९ पाहा.

८. (अ) शेंग फुगीर, वाळल्यावर आतील बिया वाजतात : खुळखुळा. (आ) शेंग लहान, गाठीगाठीची, फुलाच्या आवरणातच घडी होऊन राहिलेली. पान लहान पर्णिकांचे : कवळा.

९. (अ) फुलाच्या मागे शेपटीसारखी बारीक पोकळ नळी : तेरडा. (आ) तशी नळी नाही : १० पाहा.

१०. (अ) खोड चौकोनी, पाने समोरासमोर, फुले पांढरी व दोन ओठांची, गोल झुपक्यात : तुंबा. (आ) खोड चौकोनी नाही : ११ पाहा.

११. (अ) फुले कागदासारखी कोरडी, शेंड्याच्या दाट तुऱ्यात : कुर्डू. (आ) फुले सुटी : १२ पाहा.

१२. (अ) फूल लहान, निळे, बशीसारखे. रोप जमिनीलगत पसरलेले व केसाळ : विष्णुक्रांता. (आ) फूल पिवळे, पाच सुट्या पाकळ्यांचे. प्रत्येक पान बहुधा तीन जोड्या पर्णिकांचे : टाकळा.

मुसळी पहिल्या पावसानंतर लवकर फुलते. सोनकी पावसाळ्याच्या अखेरीस. सर्व वनस्पती एकाच दिवशी फुललेल्या मिळणार नाहीत. तसेच सोनकी व आभाळी घाटाकडील गावांत विपुल, तर विष्णुक्रांता देशावरील उघड्या माळाकडे अधिक मिळेल. आपल्या गावात यांपैकी सात-आठ मिळाल्या तरी पाठ पुरा होतो.

काही फुलांविषयी अधिक माहिती

केना मुलांस भाजी म्हणून परिचित असतो. त्याचे निळे फूल सकाळी उमलते व दुपारपर्यंत कोमेजते. म्हणून केन्याचा पाठ सकाळच्या शाळेतच घ्यावा. ज्या प्रजातीत केना मोडतो तिला कॉमेलिना हे नाव लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हॉलंडमधील कॉमेलिन घराण्यावरून दिले. त्या घराण्यातील दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले, तिसरा मागे राहिला. फुलातही दोन पाकळ्या ठळक व तिसरी लहान. केन्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. एखादे रोप मुळासकट हलकेच उपटून धुतले, तर मातीखालील पांढऱ्या फांद्यांवर न उमलणारी फुले आढळतात. ती मिटलेली असतानाच त्यांत बी धरते. शेतातून केना समूळ काढणे कठीण का जाते, याचे एक कारण मुलांस येथे प्रत्यक्ष दिसते.

तेरडा गौरीच्या सणामुळे घरोघर ठाऊक आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हणही मुलांनी ऐकलेली असते. त्याच्या फुलामागील नळीत मध असतो. त्यामुळे लांब सोंड असलेल्या कीटकांसच तेथवर पोहोचता येते. पक्व फळास बोट लावताच ते फुटून बिया दूर उडतात. मुले हा खेळ नेहमी खेळतात. बिया किती पावले दूर गेल्या हे मोजावयास सांगितले म्हणजे त्याच खेळाचा प्रयोग होतो.

कवळ्याची कोवळी पाने कोकणात पावसाळी भाजी म्हणून खातात. त्याच्या पर्णिका स्पर्शाने मिटतात. हा ज्या स्मिथिया प्रजातीतील आहे तिच्या अनेक जाती सह्याद्रीत आहेत. त्यांपैकी एका जातीच्या पिवळ्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके असतात, त्यामुळे ती लांबूनही लक्ष वेधते.

घाटमाथ्यावरील शाळांस कातळावरच्या पाणथळ जागी सीतेची आसवे व गेंद ही फुलेही पाहावयास मिळतील. सीतेची आसवे ही नाजूक निळी-जांभळी फुले येणारी वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या मुळासारख्या भागांवर सूक्ष्म पिशव्या असतात व पाण्यातील बारीक जीव त्यांत अडकतात. सातारा जिल्ह्यातील कास पठार अशा फुलांसाठी प्रसिद्ध असून, २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. तेथे दरवर्षी लोक दुरून येतात. त्या फुलांची भावंडे आपल्या गावच्या कुरणातही असू शकतात, हे मुलांस आवर्जून सांगावे.

नावांचा प्रश्न

एकाच रोपास दोन गावांत दोन नावे असतात, आणि एकच नाव दोन रोपांस लावलेले असते. टाकळ्यास विदर्भात तरोटा म्हणतात. शंखपुष्पी हे नाव कोणी विष्णुक्रांतेस, कोणी गोकर्णास, तर कोणी आणखी निराळ्या वेलीस देतात. यांतील कोणतेही स्थानिक नाव चुकीचे ठरवू नये. मुलांनी घरातील आजी-आजोबा, गुराखी व वैदू यांस रोप दाखवून नाव विचारावे आणि वहीत नावाबरोबर सांगणाऱ्याचे गावही लिहावे. कुरणात राबलेली पिढी वृद्ध होत चालली आहे. तिच्याबरोबर ही नावे जातील. ती लिहून ठेवणे हे शाळेच्या हातून सहज होण्यासारखे काम आहे.

गावोगावच्या नावांचा मेळ घालण्यासाठीच शास्त्रीय नाव लागते. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शास्त्रीय वर्णनाबरोबर देशी नावेही दिलेली आहेत. ब्लॅटर व मॅकॅन यांचा इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ सालचा आहे. ही नावे पाठ करवून घेण्याची प्राथमिक शाळेत आवश्यकता नाही. परंतु असे काम कोणीतरी रानोमाळ हिंडून केले आहे, हे मुलांस कळावे.

फुलांवरून कुरणाची प्रकृती

फुलांची ओळख झाली म्हणजे तिचा गावास काय उपयोग, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर असे की, कोणती फुले किती आहेत यावरून कुरणाची प्रकृती बऱ्याच अंशी समजते.

महाराष्ट्रातील चांगल्या कुरणांत मारवेल, पवना, शेडा अशी गवते असतात. त्यांच्या जोडीला कवळा, रान-नीळ व शेंगवर्गातील इतर लहान रोपे असली तर ते सुचिन्ह समजावे. शेंगवर्गातील एखादे रोप मातीसह खणून काढून पाण्यात धुवावे. मुळांवर बारीक गाठी दिसतील. गाठ नखाने फोडली असता आत बहुधा गुलाबी रंग आढळतो. या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र रोपास मिळवून देतात, आणि रोप कुजल्यावर तो जमिनीस मिळतो. अशा रोपांमुळे वाळलेल्या चाऱ्याचा कसही वाढतो. मात्र शेंग येणारे प्रत्येक रोप चाऱ्याचे नसते. टाकळ्यास शेंगा येतात, पण त्याच्या मुळांवर अशा गाठी नसतात व गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. खुळखुळ्याच्या काही जाती तर जनावरांस अपायकारक आहेत.

जेथे पावसाळ्यातही गुरे सुटतात तेथे ती गोड गवत व कोवळी शेंगवर्गीय रोपे आधी खातात. नको असलेली रोपे मागे राहतात, फुलतात व बी टाकतात. असे काही वर्षे चालले की हिरवे रान दिसते, पण चारा मिळत नाही. टाकळा दाट होऊ लागला म्हणजे हे घडू लागले असे समजावे. गाजर गवत ही त्याहून गंभीर खूण होय. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून भारतात तिची पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. तेथून ती देशभर पसरली. एकेक रोप हजारो बिया टाकते, आणि तिच्या स्पर्शाने व परागाने अनेकांस त्वचेचा व श्वासाचा त्रास होतो. ती फुलण्यापूर्वी मोठ्या माणसांनी हातमोजे घालून उपटणे हाच गावापुरता चांगला उपाय आहे. एकदांडीही परदेशातून आलेली आहे. तथापि ती लहान व जमिनीलगत राहणारी असून तिच्यापासून तसा उपद्रव होत नाही. बाहेरून आलेले सर्वच वाईट असे मुलांस शिकवू नये. कोणते रोप काय करते, हे पाहून मत बनविण्यास शिकवावे.

कापणीचा काळ

कुरणाचे भवितव्य कापणीच्या तारखेवर फार अवलंबून असते. गवत फुलोऱ्यावर असताना कापले तर चारा सकस मिळतो, पण बी धरलेले नसते. पूर्ण वाळेपर्यंत ठेवले तर बी जमिनीवर पडते, पण गवत काडीसारखे निःसत्त्व होते. वर्षायू रोपांचे सारे पुढील आयुष्य त्या वर्षीच्या बियांवर असते. ती सलग काही वर्षे बी पडण्यापूर्वीच कापली गेली तर नाहीशी होतात.

याचे एक बोधप्रद उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथेही गवत वाळवून ठेवण्यासाठी राखलेली कुरणे शतकानुशतके होती. ती उन्हाळ्यात, बहुतेक फुलांचे बी झाल्यावर कापीत. तेथील रिनँथस नावाच्या पिवळ्या फुलाच्या सुकलेल्या बोंडांत बिया खुळखुळू लागल्या म्हणजे कापणीची वेळ झाली, असे शेतकरी मानीत. ही वनस्पती गवताच्या मुळांतून काही अन्नरस शोषते. त्यामुळे गवताचा जोर थोडा कमी होऊन इतर फुलांस जागा मिळते. आपल्या कुरणांतील गुलाबी दुधाळी व ज्वारीचा वैरी टारफुला ही त्याच कुळातील भावंडे होत. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी जमिनी नांगरल्या गेल्या. पुढे रासायनिक खते आली आणि हिरवा चारा मुरविण्यासाठी वर्षातून दोन-तीन वेळा, तीही लवकर, कापणी होऊ लागली. १९३० नंतरच्या सुमारे अर्ध्या शतकात इंग्लंड व वेल्समधील अशा फुलांच्या कुरणांपैकी शेकडा ९७ नाहीशी झाली, असा अंदाज आहे. आता तेथे उरलेल्या कुरणांतून बी आणून नवी कुरणे तयार करण्याची खटपट चालू आहे.

आपल्याकडे ती वेळ येण्यापूर्वी काही साधे उपाय करता येतात. कुरण कापताना एका कडेचा पट्टा शेवटपर्यंत राखावा व दरवर्षी तो पट्टा बदलावा. कापलेले गवत लगेच न हलविता एक-दोन दिवस तेथेच वाळू द्यावे, म्हणजे पक्व बी त्या जागीच झडते. कुरणास वणवा लागू देऊ नये. हे निर्णय शाळा घेऊ शकत नाही. ते ग्रामसभेचे व मालकांचे आहेत. परंतु गवताळ जमिनीची नोंद कागदोपत्री पुष्कळदा ‘पडीक’ अशी असते, आणि पडीक म्हटलेली जमीन दुसऱ्या कामास लावणे सोपे जाते. त्या जमिनीत काय काय उगवते याची मुलांनी केलेली यादी ग्रामसभेपुढे ठेवली गेली, तर निदान निर्णय माहितीवर होईल.

पाठाची योजना

वर्षात तीन फेऱ्या पुरेशा आहेत : जुलैच्या अखेरीस, सप्टेंबरच्या मध्यास आणि कापणीपूर्वी. साहित्य अल्प लागते : वही, पेन्सिल, दोरी, चार खुंट्या, एखादे भिंग आणि पाण्याचे भांडे. मालकाची परवानगी आधी घ्यावी. गवत तुडविले गेल्यास कापणीस अडचण होते, म्हणून मुलांनी बांधावरून व पायवाटेने एकामागून एक चालावे.

प्रत्येक फेरीत दोरी व खुंट्यांनी एक मीटर बाजूचा चौकोन आखावा : एक कुरणाच्या कडेस, एक गायरानात, एक रस्त्यालगत. चार-चार मुलांच्या गटाने आपल्या चौकोनातील निरनिराळ्या रोपांचे प्रकार मोजावेत, प्रत्येकाचे चित्र काढावे व कुंजी लावून पाहावी. शाळेत परतल्यावर तिन्ही चौकोनांची संख्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी आणि अंतर का पडले याचा विचार मुलांकडूनच करवून घ्यावा. एका चौकोनावरून निष्कर्ष काढू नये. दरवर्षीचे आकडे जमत गेले म्हणजेच त्यांस अर्थ येतो.

फुले तोडण्यास मनाई असावी. रचना पाहण्यासाठी प्रत्येक जातीचे एकच फूल गटाने घ्यावे, तेही विपुल असेल तरच. मुसळी व आमरी यांचे कंद कधीही खणू नयेत. मुळे पाहण्यासाठी सांगितलेली रोपे शेताच्या बांधावरील घ्यावीत.

काही सावधगिरी अवश्य बाळगावी. गवतात शिरण्यापूर्वी काठीने चाहूल द्यावी; पायांत वहाणा असाव्यात. गाजर गवतास व खाजकुइलीच्या शेंगांस मुलांनी हात लावू नये. कुंपणाशी चढणारी कळलावी फार सुंदर असते. तिच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, तांबड्या-पिवळ्या असतात व पानाचे टोक आधारास गुंडाळते. तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, अत्यंत विषारी आहेत. ती दुरूनच दाखवावी आणि ओळख न पटलेले कोणतेही पान, फळ वा कंद तोंडात घालू नये, हा नियम प्रत्येक फेरीपूर्वी मुलांकडून म्हणवून घ्यावा.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. एकाच कुरणातील तीन पिवळ्या फुलांची चित्रे काढा व त्यांतील फरक शब्दांत लिहा.

२. सोनकीचा किंवा एकदांडीचा एक गुच्छ सुईने सोडवा. त्यात किती फुले निघाली?

३. कुसळी गवताचे वाळलेले कुसळ ओल्या बोटावर ठेवा. ते कसे फिरते? जमिनीत बी रुजण्यास याचा काय उपयोग होत असेल?

४. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून कुरणातील पाच वनस्पतींची नावे, त्यांचा उपयोग व पूर्वी त्या कोठे अधिक मिळत हे लिहून आणा.

५. गावच्या कुरणाची कापणी या वर्षी कोणत्या तारखेस झाली? त्या दिवशी कोणत्या फुलांचे बी पडले होते व कोणत्यांचे नव्हते?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी एका स्वतंत्र वहीत तारीखवार लिहून ठेवावीत आणि बदली झाल्यास ती वही पुढील शिक्षकांच्या स्वाधीन करावी. अशी दहा वर्षांची वही ज्या शाळेत असेल, त्या गावास आपल्या कुरणात काय वाढले व काय कमी झाले, हे कोणा बाहेरच्या माणसास विचारावे लागणार नाही.